जिप्सीचे इंजिन, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स: जळगावच्या एका कारखान्याच्या कामाचे परीक्षण

घरी बांधत असलेल्या जायरोकॉप्टरला मारुती जिप्सीचे १,२९८ सीसीचे इंजिन बसवायचे होते. त्यासाठी फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या शाफ्टवरच्या जड चाकावर) काम करणे, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी जाड प्लेट तयार करणे आणि प्रोपेलरचे फेरे कमी करणारा गिअरबॉक्स नव्याने घडवणे, अशी तीन कामे मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याला दिली. काम हाती येऊन सात महिने झाले असून इंजिन चाचणीच्या सांगाड्यावर बेचाळीस तास चालले आहे, त्यामुळे आता त्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल. कारखान्याचे नाव मी देत नाही, कारण मालकांनी तशी विनंती केली आहे आणि तिचे कारण मला पटते. त्यांचा मूळ धंदा जिनिंगच्या यंत्रांचे रोलर, दालमिलचे गिअर आणि पंपांचे शाफ्ट यांचा आहे. उद्या उडत्या यंत्रांचे नकाशे घेऊन हौशी मंडळींनी दारात रांग लावावी, अशी त्यांची मुळीच इच्छा नाही. मात्र असे काम करण्याची कुवत असलेले लेथवाले जळगाव, भुसावळ आणि धुळे या पट्ट्यात इतरही आहेत. त्यांच्याकडे जाताना काय मागावे आणि कुठे हटून बसावे, एवढे या लेखातून कळले तरी पुरे.

जायरोकॉप्टरच्या डोक्यावरची मोठी पाती इंजिनाने फिरत नाहीत, हे आमच्या अमळनेरात मला अजून दर आठवड्याला कुणाला तरी समजावून सांगावे लागते. इंजिन फक्त पाठीमागचा प्रोपेलर फिरवते. यंत्र पुढे ढकलले गेले की खालून वर येणाऱ्या हवेने वरची पाती आपोआप फिरू लागतात आणि तीच यंत्राला उचलून धरतात. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी १९२३ मध्ये हे तत्त्व प्रत्यक्ष उडवून दाखवले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतील इगॉर बेन्सन यांनी घरी बांधता येईल असा सुटसुटीत जायरो लोकांपुढे आणला, आणि त्या काळी त्याला मॅककुलकचे ७२ अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोक इंजिन आखूड प्रोपेलरसह थेट जोडलेले असे. त्यात गिअरबॉक्स नव्हता आणि आखूड प्रोपेलरमुळे तो लागतही नव्हता. त्याची किंमत कर्कश आवाज आणि कमी ढकलशक्ती या रूपाने मोजावी लागे.

मोटारीच्या इंजिनाचे तसे जमत नाही. जिप्सीच्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाची ८० अश्वशक्ती मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर मिळते आणि १०३ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क ४,५०० फेऱ्यांवर मिळतो. माझा प्रोपेलर ६८ इंची आहे. तो थेट क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टला, जोडून मिनिटाला ५,५०० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ४९७ मीटर होईल, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या कितीतरी पुढे जाईल, आणि मग इंजिनाची बहुतेक ताकद हवा ढकलण्याऐवजी आवाज करण्यात खर्ची पडेल. हेच फेरे गिअरबॉक्समधून अडीच हजारांवर आणले, की टोकाचा वेग सेकंदाला २२६ मीटरच्या आसपास राहतो. रोटॅक्ससारख्या कारखान्यातूनच गिअरबॉक्ससह येणाऱ्या विमानी इंजिनांत, म्हणजे ९१२ च्या शंभर अश्वशक्तीच्या प्रकारात, इंजिनाच्या आणि प्रोपेलरच्या फेऱ्यांचे प्रमाण २.४३ असते, आणि ऐंशी अश्वशक्तीच्या प्रकारात ते २.२७ असते. मी २.२ च्या आसपासचे प्रमाण मागितले होते. मालकांनी चोवीस आणि त्रेपन्न दात्यांची जोडी सुचवली. तिचे प्रमाण २.२१ येते आणि दोन्ही संख्यांना समान भाजक नसल्यामुळे तेच दोन दाते वारंवार एकमेकांसमोर येत नाहीत; त्यामुळे एखाद्या दात्याची खोड दुसऱ्या एकाच दात्यावर ठसत न राहता सगळ्यांवर वाटली जाते. दालमिलच्या गिअरवर तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावे लागत नाही, आणि या कारखान्याविषयीचा माझा विश्वास इथूनच बसू लागला.

खरा वाद झाला तो फ्लायव्हीलवरून. हौशी मंडळींत सगळी चर्चा गिअरच्या प्रमाणाची चालते आणि फ्लायव्हीलला "फुकटचे वजन" समजून ते शक्य तेवढे कातरण्याकडे कल असतो. मीही त्याच समजुतीत होतो. मूळ फ्लायव्हील माझ्या काट्यावर सहा किलो नऊशे ग्रॅम भरले होते. ते साडेतीन किलोवर आणा, कड पातळ करा आणि मध्ये आठ भोके पाडा, असा नकाशा काढून मी घेऊन गेलो होतो. प्रोपेलर स्वतःच फ्लायव्हीलचे काम करील, असे माझे म्हणणे होते. तिथले फोरमन शिंदखेड्याकडचे, अहिराणीतच बोलणारे, त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि एवढेच म्हणाले, "भाऊ, चाक इतलं हलकं करशात ते दाता रडतीन."

दाते रडतील ते कसे, हे मी त्या रात्री वही घेऊन बसलो तेव्हा माझ्या लक्षात आले. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन धक्के बसतात आणि त्या दोन धक्क्यांच्या मध्ये क्रँकचा वेग किंचित मंदावतो. प्रोपेलर थेट क्रँकवर असेल, तर त्याचे जडत्व हा चढउतार खरोखरच सपाट करते. पण मध्ये २.२१ चा गिअर आला, की क्रँकच्या बाजूने पाहता प्रोपेलरचे जडत्व त्या प्रमाणाच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ पाचपट कमी भासते. आणि मध्ये रबराचे कपलिंग, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा भाग, असेल तर तेवढेही क्रँकपर्यंत नीट पोहोचत नाही. अशा वेळी फ्लायव्हील हलके असले, की क्रँक प्रत्येक धक्क्याला पुढे झेपावते आणि मागे रेंगाळते. मग पिनियनचे, म्हणजे लहान गिअरचे, दाते मोठ्या गिअरच्या दात्यांना एकदा पुढून आणि एकदा मागून ठोकत राहतात. हळू चालणाऱ्या इंजिनावर ऐकू येणारी खडखड ती हीच. क्लचची प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट काढून टाकल्यामुळे जडत्वाचा मोठा वाटा आधीच गेलेला असतो, ही गोष्ट माझ्या हिशेबात आलीच नव्हती.

फोरमननी जे केले ते माझ्या नकाशापेक्षा फार शहाणपणाचे होते. त्यांनी काठाला हात लावला नाही. फक्त मधल्या भागाची जाडी थोडी उतरवली आणि कोपरे गोलाईत घेतले. जडत्व त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे अर्ध्या त्रिज्येवरचा एक किलो हा काठावरच्या पाव किलोइतकाच परिणाम करतो. म्हणून मधून काढलेल्या लोखंडाने वजन घटते, पण चाकाची फिरत राहण्याची ताकद फारशी घटत नाही. फ्लायव्हील शेवटी पाच किलो सहाशे ग्रॅमवर थांबले. भोके पाडायला त्यांनी साफ नकार दिला, आणि त्याबद्दल आज मी त्यांचा ऋणी आहे. मूळ चाक बिडाचे आहे. त्याचा व्यास २६० मिलिमीटर धरला तर ६,००० फेऱ्यांवर काठ ताशी सुमारे २९४ किलोमीटरने धावतो, आणि बिडाला भोकाच्या तीक्ष्ण कडेवरून तडा जायला वेळ लागत नाही. मोटारीत फ्लायव्हीलभोवती निदान बेल हाउसिंगचे जाड आवरण तरी असते. माझ्या यंत्रात ते वैमानिकाच्या पाठीमागे हातभर अंतरावर आहे. ज्यांना खरोखर हलके फ्लायव्हील हवे आहे त्यांनी पोलादाचा नवा तुकडा कातून घ्यावा, बिडाला कुरतडत बसू नये, असे त्यांचे मत होते आणि आता माझेही आहे.

बॅलन्सिंग त्यांनी शेजारच्या गाळ्यात, पंपाचे इम्पेलर ज्या यंत्रावर करतात त्याच यंत्रावर करून घेतले. फिरत्या भागांच्या समतोलासाठीच्या आयएसओ १९४० या मानकातील जी ६.३ हा दर्जा धरला, तर या वजनाच्या चाकाला ६,००० फेऱ्यांसाठी सुमारे ५६ ग्रॅम-मिलिमीटर एवढाच असमतोल चालतो. १२० मिलिमीटर त्रिज्येवर मोजला तर तो अर्ध्या ग्रॅमच्या आत येतो. पडद्यावरचा आकडा मी स्वतः पाहिला आणि तो त्याहून कमी होता. पण कागदावर तो मला मिळाला नाही. मागूनही मिळाला नाही. ही या कारखान्याविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार आहे आणि ती फक्त बॅलन्सिंगपुरती नाही: दात्यांची कठीणता, बेअरिंगचे बसते माप, दात्यांमधली मोकळीक, सगळे त्यांनी मोजले, पण सगळे फोरमनच्या डोक्यात किंवा फार तर सिगारेटच्या पाकिटाच्या मागे. दालमिलला हे चालते. ज्याच्या दुरुस्तीचा इतिहास पानोपान लिहून ठेवायचा असतो, अशा यंत्राला चालत नाही. शेवटी मीच दोन दिवस वही आणि मायक्रोमीटर घेऊन त्यांच्या गाळ्यात बसलो.

गिअरबॉक्सचे काम मात्र मनापासून आवडले. सरळ दात्यांचे गिअर घ्यायचे की तिरप्या, यावर थोडी चर्चा झाली. तिरपे दाते शांत चालतात, पण ते शाफ्टला लांबीच्या दिशेने ढकलतात आणि प्रोपेलरच्या जोराबरोबर हा दुसरा जोर सांभाळायला बेअरिंग मोठी लागतात. आम्ही सरळ दाते घेतले आणि थोडा आवाज पत्करला. मॉड्यूल (दात्याच्या आकाराचे माप) ३, दात्याची रुंदी ३० मिलिमीटर, केस हार्डनिंगचे पोलाद. हीट ट्रीटमेंट नाशिकहून करून आणली आणि त्यानंतर दाते ग्राइंड केले. पिनियनची पिच त्रिज्या ३६ मिलिमीटर असल्यामुळे कमाल टॉर्कला दात्यावर सरासरीच सुमारे २९० किलोचा दाब येतो, आणि प्रत्यक्ष धक्क्याच्या क्षणी तो त्याच्या कित्येक पट असतो, हे लक्षात घेतले म्हणजे रुंदीत कंजूषी का करू नये ते कळते. पिनियनला दोन्ही बाजूंनी स्वतःची बेअरिंग दिली आहेत, त्यामुळे गिअरचा आडवा जोर क्रँकच्या मागच्या बेअरिंगवर येत नाही. प्रोपेलरच्या शाफ्टवर टेपर रोलर बेअरिंगची जोडी आहे. मोटारीची क्रँक प्रोपेलरची ओढ किंवा ढकल सोसण्यासाठी बनवलेलीच नसते, तिला क्लच दाबला जाताना येणाऱ्या जोरापुरताच आधार असतो. शिवाय यंत्र वळताना फिरता प्रोपेलर शाफ्टला जो पीळ देतो तोही इथेच अडवावा लागतो. मालकांनी ही बेअरिंग निवडताना ट्रॅक्टरच्या चाकाचा दाखला दिला आणि सहज मिळणारा क्रमांक निवडला. गावाकडच्या माणसाला याचे महत्त्व सांगायला नको: रविवारी संध्याकाळी बेअरिंग गेले, तर सोमवारी सकाळी ते अजिंठा चौफुलीच्या परिसरात मिळाले पाहिजे.

गिअरबॉक्समुळे दोन गोष्टी बदलतात आणि त्या नकाशाच्या वेळीच ठरवाव्या लागतात. गिअरच्या एका जोडीने फिरण्याची दिशा उलटते, म्हणून प्रोपेलर त्या दिशेचा घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दोन्ही शाफ्टमधले अंतर माझ्या गिअरबॉक्समध्ये ११५.५ मिलिमीटर आहे, म्हणजे प्रोपेलरचा शाफ्ट क्रँकच्या तेवढा वर गेला. जायरोकॉप्टरमध्ये प्रोपेलरच्या ढकलीची रेषा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या बरीच वर गेली, तर वरच्या पात्यांवरचा भार कमी होताच यंत्र नाकावर उलटण्याचा धोका असतो, आणि अशा अपघातांनी जायरोकॉप्टरचे नाव पूर्वी पुष्कळ बदनाम झाले आहे. म्हणून मला इंजिनाचे माउंट पुन्हा खाली घ्यावे लागले. हे कारखान्याचे काम नव्हते आणि त्यांनी त्याविषयी काही सांगावे अशी अपेक्षाही नव्हती. पण गिअरबॉक्स घडवून घेणाऱ्या प्रत्येकाने सांगाडा वेल्ड करण्यापूर्वी हा आकडा हातात घ्यावा.

आता कपलिंगविषयी, कारण या कामात जे काही बिघडले ते इथेच. इंजिनाच्या बाजूला फ्लायव्हील हे एक जड चाक, गिअरच्या पलीकडे प्रोपेलर हे दुसरे जड चाक, आणि मध्ये पिळला जाणारा शाफ्ट म्हणजे स्प्रिंग; अशा जोडीला स्वतःची एक लय असते. इंजिनाचे धक्के त्या लयीशी जुळले, तर पीळ वाढत जातो आणि शाफ्ट किंवा दाते तुटेपर्यंत पोहोचू शकतो. १,८०० फेऱ्यांवर चार सिलिंडरचे इंजिन सेकंदाला साठ धक्के देते. कपलिंग कडक असेल, तर ही जुळणी नेमकी चालू वेगांच्या पट्ट्यात येऊन बसते. पुरेसे मऊ असेल, तर ती सुरू होण्याच्या आणि बंद होण्याच्या वेगांपर्यंत खाली ढकलता येते, जिथून इंजिन क्षणात पार होते. कारखान्याने पहिल्यांदा त्यांच्या सवयीप्रमाणे पंपाच्या मोटरला लावतात ते जबड्यांचे, मध्ये पिवळा स्पायडर (रबरासारखा तुकडा) असलेले कपलिंग बसवले. ते कडक होते. १,४०० ते १,७०० फेऱ्यांच्या दरम्यान गिअरबॉक्समधून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येई आणि २,००० च्या वर तो एकदम थांबे. मी तक्रार केली, तेव्हा मालकांचे पहिले उत्तर "गिअर रुळले की जाईल" असे होते. ते मला आवडले नाही. गिअर रुळतात, लय रुळत नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी टायरच्या आकाराचे मऊ रबरी कपलिंग बसवले आणि खडखड गेली. आता इंजिन बंद करताना शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत एक ठोका ऐकू येतो, तो अपेक्षितच आहे. या कपलिंगचा तोटा असा, की रबर फाटले तर प्रोपेलर पूर्ण सुटतो, तर जबड्यांच्या कपलिंगमध्ये रबर गेले तरी लोखंड लोखंडाला लागून काम रेटते. जायरोकॉप्टरमध्ये इंजिन गेले तरी वरची पाती फिरत राहतात आणि उतरता येते, म्हणून मी हा तोटा स्वीकारला. इतरांनी आपापला विचार करावा. माझ्या एका मित्राने याच सुमारास आल्टोचे तीन सिलिंडरचे इंजिन घेतले आहे. त्यात प्रत्येक फेऱ्याला दीडच धक्का येत असल्यामुळे त्याला कपलिंग याहून मऊ आणि फ्लायव्हील त्या मानाने जड लागेल, हे मी त्याला सांगून ठेवले आहे. त्याने ऐकले आहे असे दिसत नाही.

अकराव्या तासाला हे नवे कपलिंग फुगलेले दिसले. गिअरबॉक्सच्या पिनियनकडील ऑइल सीलमधून तेल झिरपून थेट रबरावर येत होते, आणि साध्या रबराला तेल लागले की ते मऊ पडून फुगते. सील नवे होते, मग तेल का येते? शाफ्ट काढून भिंगाखाली पाहिला, तेव्हा सीलच्या जागी लेथच्या टूलच्या बारीक चकरदार रेघा दिसल्या. सीलची जागा शेवटी ग्राइंड करायला हवी होती आणि ती फक्त कातून सोडली होती. अशा रेघा शाफ्ट फिरताना स्क्रूच्या आट्यांसारख्या वागतात आणि तेल बाहेर ओढून काढतात. दुसरे कारण माझे होते. माझ्या नकाशात गिअरबॉक्सला श्वासनळीच नव्हती, त्यामुळे तो तापला की आतली हवा फुगून सीलवर दाब देत असे. कारखान्याने शाफ्ट ग्राइंड करून दिला, नवे सील बसवले, वर श्वासनळीचे भोक पाडून दिले आणि या कशाचेही पैसे घेतले नाहीत. कपलिंगच्या रबराचे मात्र पूर्ण घेतले. त्या रबराचा खर्च दोघांनी अर्धा अर्धा वाटून घ्यायला हवा होता, असे मला अजूनही वाटते.

इंजिनाला गिअरबॉक्स जोडणारी प्लेट वीस मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची आहे. तिच्यात डॉवेल पिनची, म्हणजे नेमकी जागा धरून ठेवणाऱ्या खुंट्यांची, भोके त्यांनी आधी नकाशावरून पाडली, आणि डायल (बारीक फरक दाखवणारे मापयंत्र) लावून क्रँक फिरवली तेव्हा मधले वर्तुळ बावीस शतांश मिलिमीटर बाजूला निघाले. इथे त्यांनी एक शब्दही न बोलता प्लेट परत मशिनवर घेतली, इंजिनावरच डायलने मध्य साधला, नवे डॉवेल बसवले आणि फरक सहा शतांशांवर आणला. मी ज्या दुसऱ्या एका ठिकाणी सुरुवातीला चौकशी केली होती, तिथे मला "बोल्ट कसले की बसतं आपोआप" असे उत्तर मिळाले होते. या एका वाक्यावर कारखाना निवडता किंवा टाळता येतो.

चाचणी आमच्या मळ्यात झाली. इंजिनाचा सांगाडा रुळांवर ठेवून मागे केळी मोजायचा लटकता इलेक्ट्रॉनिक काटा बांधला, भोवती जाळी लावली आणि प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कुणालाही उभे राहू दिले नाही. ५,२०० फेऱ्यांवर काटा १७० किलोच्या आसपास स्थिर झाला. तो मे महिना होता आणि दुपारी पारा ४४ अंशांवर होता. एवढ्या उष्णतेत इथली हवा प्रमाण हवेपेक्षा दहा-अकरा टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे थंडीत हा आकडा वाढायला हवा. अर्ध्या तासाच्या सलग चालीनंतर गिअरबॉक्सचे कवच ८६ अंशांवर होते. पहिल्या पाच तासांनी तेल काढले तेव्हा चुंबकी ड्रेन प्लगवर राखाडी लोण्यासारखा पातळ थर होता, पंचवीस तासांनी तो जेमतेम दिसत होता आणि चाळीस तासांनी झाकण उघडले तेव्हा दात्यांवरचा संपर्काचा पट्टा रुंदीच्या मध्यावर, दोन्ही कडांपासून सुटा असा दिसला. गिअर समांतर बसले आहेत याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. इंजिन १,८०० फेऱ्यांच्या खाली मी आता रेंगाळू देत नाही.

खर्चाचे म्हणाल तर गिअरची जोडी, कवच, दोन्ही शाफ्ट, प्लेट, फ्लायव्हील आणि बॅलन्सिंग मिळून ब्याण्णव हजार रुपये झाले, आणि दोन्ही कपलिंगचे त्याशिवाय. बेल्टचा पर्याय निम्म्याहून कमी पैशांत झाला असता. दात्यांच्या बेल्टला तेल लागत नाही, फिरण्याची दिशा उलटत नाही आणि तो थोडा धक्काही पचवतो. पण ताणलेला बेल्ट क्रँकला सतत एका बाजूला ओढतो आणि आमच्याकडच्या धुळीत तो किती टिकेल याची मला खात्री नव्हती. एवढे करूनही माझे इंजिन गिअरबॉक्ससह शंभर किलोच्या वर जाते, तर रोटॅक्स ९१२ साठ किलोच्या आसपास असते. जो ते विकत घेऊ शकतो त्याने तेच घ्यावे, हे मी कुणालाही सांगेन. मी घेऊ शकत नव्हतो.

कारखान्याच्या बिलावर "चाचणी सांगाड्यासाठी गिअरबॉक्स" एवढेच लिहिलेले आहे आणि ते योग्यच आहे, कारण त्यांच्याकडे विमानाच्या कामाची कोणतीही मान्यता नाही आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. यंत्र उडवायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते, आणि ती वाट लांब आहे. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली, आणि त्यामागे कित्येक वर्षांचे हेलपाटे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या यंत्राचे चाक अजून जमिनीवरून उचललेले नाही आणि कागद पुरे झाल्याशिवाय उचलणारही नाही. म्हणून हा अभिप्राय बेचाळीस तासांच्या जमिनीवरच्या कामापुरताच धरावा.

पहिल्यांदा सहा आठवड्यांची मुदत दिली होती आणि प्रत्यक्षात साडेचार महिने लागले. दोष काही प्रमाणात माझाही आहे, कारण मी काम दसऱ्याला नेऊन दिले. दिवाळीपासून कापूस यायला लागला की इथल्या प्रत्येक लेथवर जिनिंगचे रोलर चढतात, आणि एखादी जिनिंग बंद पडली तर बाकी सगळी कामे भिंतीशी लागतात. माझा पिनियन नाशिकहून परतल्यानंतर सात आठवडे एका गोणपाटाखाली पडून होता. शेवटचे काम घ्यायला गेलो तेव्हा जिनिंग थांबल्या होत्या, गाळा रिकामा होता आणि फोरमननी दुपारभर बसून मोठ्या गिअरची मोकळीक तीन वेळा तपासून दिली, वर घरून आणलेल्या कळण्याच्या भाकरीतली अर्धी माझ्या हातावर ठेवली. ज्यांना असे काम द्यायचे असेल त्यांनी ते एप्रिलनंतर न्यावे, मोजमापांसाठी आपली वही बरोबर ठेवावी आणि सीलच्या जागेचा शाफ्ट ग्राइंड केला आहे की नाही, हे नखाने घासून पाहूनच ताब्यात घ्यावा.